हॉपकिन्सच्या साडेदहा ओळी : कामाच्या नोंदी

९ जून

आजपासून ही वही. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४–१८८९) या इंग्रज कवीची एक कविता मोठ्यानं नीट वाचता आली पाहिजे आणि जमलं तर ती मराठीत आणायची, एवढंच काम आहे. माझ्याकडे बी. ए. तिसऱ्या वर्षाच्या तीन मुली शिकवणीला येतात. अर्थ सांगितला की त्या लिहून घेतात, पण 'मॅडम, एकदा वाचून दाखवा ना' म्हणाल्या की मी दुसऱ्याच ओळीत अडखळते. जी कविता मला वाचता येत नाही ती मी शिकवते आहे, हे मनाला लागलं.

ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी चुकांसकट सगळं लिहिते आहे. वेळ: पहाटे साडेपाच ते साडेसहा. खर्च आज शून्य.

१४ जून

चार दिवस फुकट गेले. 'द रेक ऑफ द डॉइचलांड'पासून सुरुवात केली, कारण ती त्याची पहिली मोठी कविता. डिसेंबर १८७५ मध्ये डॉइचलांड ही बोट थेम्सच्या मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर अडकून फुटली. जर्मनीतल्या कायद्यांमुळे देश सोडावा लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन जोगिणी तिच्यात बुडाल्या. हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये सेंट बायनोज इथे धर्मशास्त्र शिकत होता. जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघात जाताना त्यानं आपल्या कविता जाळल्या होत्या आणि सात वर्षं लिहिणं जवळपास बंद ठेवलं होतं. यावर कुणीतरी कविता लिहायला हवी, असं तिथले प्रमुख बोलले आणि त्यानं लिहिली: पस्तीस कडवी, दोनशे ऐंशी ओळी. त्याच्याच संघाच्या मासिकानं ती छापली नाही.

मी चार दिवसांत तीन कडव्यांपर्यंत पोचले आणि तीही हातात राहिली नाहीत. त्याचा मित्र रॉबर्ट ब्रिजेस यानं १९१८ मध्ये, कवी गेल्यावर एकोणतीस वर्षांनी, त्याच्या कवितांचं पुस्तक काढलं. या कवितेबद्दल त्यानं लिहिलं की ती दारात वेटोळं घालून वाट अडवणाऱ्या अजगरासारखी आहे. हे मी आधी वाचलं असतं तर चार पहाटा वाचल्या असत्या. कुणी सुरुवात करणार असाल तर इथून करू नका.

१७ जून

'स्प्रिंग अँड फॉल' घेतली. पंधरा ओळी. मार्गरेट नावाची लहान मुलगी पानगळ बघून रडते आहे. फायदा असा की आघात कुठे द्यायचा ते हॉपकिन्सनं स्वतः खुणा करून सांगितलंय. पहिल्याच ओळीत 'मार्गरेट'च्या एकाच नावावर दोन खुणा आहेत, 'मा'वर आणि 'रेट'वर. आपण 'मार्गरेट' एका दमात म्हणून टाकतो. दोन ठोके दिले की हाक मारल्यासारखं होतं, पोरीच्या शेजारी उकिडवं बसून विचारल्यासारखं. अर्धा तास ही एकच ओळ म्हणत होते आणि त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदा तो माणूस भेटला.

२० जून

मोठी चूक आज कळली. तीन दिवस मी कवितेला आपल्या वृत्ताचे नियम लावत होते. लघु-गुरू मांडले, मात्रा मोजल्या, तक्ते आखले. एकही ओळ दुसरीशी जुळेना. जुळणारच नव्हती. हॉपकिन्सच्या 'स्प्रंग ऱ्हिदम'मध्ये अक्षरं मोजतच नाहीत, फक्त आघात मोजतात. एका आघाताच्या पोटात एक अक्षर असेल नाही तर चार असतील, वेळ तेवढाच. मी त्याला सध्या 'ठोका' म्हणते आहे.

आमच्या पिढीला शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ करून घेतलं, त्यामुळे कविता म्हटली की बोटं आपोआप अक्षरं मोजायला लागतात. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सात पानांचे तक्ते फाडून टाकले.

२२ जून

या शोधासाठी पैसे लागले नाहीत. शेजारची सून तिच्या बाळाला तीट लावताना म्हणत होती:

अडगुलं मडगुलं
सोन्याचं कडगुलं
रुप्याचा वाळा
तान्ह्या बाळा
तीट लावा

मी तिथेच अंगणात उभी राहिले. कागदावर अक्षरं मोजा: आठ, सात, पाच, चार, चार. तोंडानं म्हणा: अड्‌गुलं मड्‌गुलं सहा, सोन्याचं कड्‌गुलं सहा, मग पाच, चार, तीन. आणि ठोके? प्रत्येक ओळीत दोनच. 'तीट लावा'ला तेवढाच वेळ लागतो जेवढा 'अडगुलं मडगुलं'ला, कारण 'तीट' आपण ताणतो. बाळाच्या गालावर बोट टेकतं तिथे ठोका.

हॉपकिन्सनं १८७८ मध्ये डिक्सन या कविमित्राला लिहिलेल्या पत्रात हेच सांगितलंय की ही लय आपण शून्यातून काढलेली नाही, ती लहान मुलांच्या गाण्यांत आधीपासून आहे. उदाहरण म्हणून त्यानं 'डिंग डाँग बेल, पुसीज इन द वेल' दिलं. मुलींना हा नियम समजावायला मी दोन तास घेतले असते. संध्याकाळी 'अडगुलं मडगुलं'वर टाळी वाजवायला लावली आणि पाच मिनिटांत काम झालं. एकीनं विचारलं, 'मॅडम, मग हे वृत्तात नाही असं आम्हाला कशाला शिकवलं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२५ जून

कविता ठरली: 'पाइड ब्यूटी', १८७७ च्या उन्हाळ्यात वेल्समध्ये लिहिलेली. ठिपक्यांच्या, चट्ट्यांच्या, दुरंगी वस्तूंसाठी देवाचे आभार मानणारी. अकरा ओळी, पण शेवटची ओळ फक्त दोन शब्दांची, म्हणून साडेदहा. सॉनेटच्या चौदा ओळींना त्यानं मुद्दाम कात्री लावली: आठच्या जागी सहा, सहाच्या जागी साडेचार. दोन्हीकडे पाऊणपट. सुतारानं खुर्ची लहान करताना पाय आणि पाठ एकाच मापात कमी करावी तसं.

फुकटच्या फाइलवरून प्रत काढली. छपाई १२ रुपये.

२९ जून

तीन दिवस गायीवर घालवले आणि गायच चुकीची निघाली. माझ्या प्रतीत दुसऱ्या ओळीत 'ब्रँडेड काऊ' होतं. म्हणजे डागलेली गाय, तापल्या लोखंडाचा डाग दिलेली. आभाळ डागलेल्या गायीसारखं? मी त्यातूनही अर्थ काढला, 'जखमेच्या रंगाचं आभाळ' वगैरे एक पान लिहून ठेवलं आणि मुलींना सांगितलंही.

मूळ शब्द 'ब्रिंडेड' आहे. अंगावर गडद पट्टे-चट्टे असलेली. जुनं पुस्तक यंत्रानं वाचून फाइल करताना एक अक्षर बदललं होतं. त्याच फाइलमध्ये आघाताच्या सगळ्या खुणाही गेल्या होत्या आणि डॅशच्या जागी स्वल्पविराम आले होते. पुण्याला जाणाऱ्या भाच्याला सांगून अप्पा बळवंत चौकातून वापरलेली छापील प्रत मागवली. ३२० रुपये. हे पैसे पहिल्या दिवशी खर्च करायला हवे होते. हॉपकिन्सच्या बाबतीत एक खूण गेली की ओळ जाते. शिकवणीला मी ते पान परत घ्यायला लावलं आणि का ते सांगितलं.

३ जुलै

खरी गाय. 'पट्टेदार' लिहिलं तर डोळ्यांपुढे वाघ येतो. 'चितकबरी' चांगला शब्द, पण अक्षरं सारख्याच वजनाची वाटतात, ठोका कुठे बसवायचा कळेना. दुधाला येणाऱ्या तात्यांना विचारलं. ते म्हणाले, 'काळ्या-पांढऱ्या चट्ट्याची व्हय? ती बांडी.' देवणीत अशा ठिपक्यांच्या जनावराला शेवरा म्हणतात, असंही त्यांनी सांगितलं. 'शेवरा' मला फार आवडला, पण तो एका जातीपुरता आहे आणि वेल्समधल्या गायीला देवणी करणं बरोबर नाही. 'बांडी गाय' घेतलं. 'बां'वर ठोका घट्ट बसतो. बांडी म्हणजे चट्ट्यांची, ब्रिंडेड म्हणजे पट्ट्यांची, एवढा फरक राहिला. तो राहू दिला, कारण ढग दोन्ही प्रकारचे असतात.

६ जुलै

ट्राउट. पोहणाऱ्या माशाच्या अंगावरचे गुलाबी तीळ 'स्टिपल'मध्ये. स्टिपल म्हणजे रेघा न ओढता नुसत्या टोकदार ठिपक्यांनी चित्र काढण्याची रीत. हॉपकिन्स स्वतः चित्रं काढायचा, त्याचे दोन भाऊ तर व्यवसायानं चित्रकार होते, म्हणून हा शब्द त्याच्या हाताशी होता. मी आधी 'रांगोळीचे ठिपके' लिहिलं. चुकलं. रांगोळीचे ठिपके मोजून, ओळीत असतात. माशाच्या अंगावर कुणी मोजून ठेवलेले नसतात.

आत्याकडे गेले होते. तिच्या हातावरचं गोंदण बघितलं आणि शब्द मिळाला. सुईच्या टोकानं ठिपका ठिपका करून, कातडीतच. गोंदण हिरवं असतं हे खरं. 'गुलाबी गोंदण' ऐकताना क्षणभर दचकायला होतं. हॉपकिन्स वाचतानाही तसं दचकायला होतं, म्हणून ठेवलं. ट्राउट ट्राउटच राहील. एकदा मनात 'रोहू' आला होता. तो काढला.

८ जुलै

चेस्टनटची चूक थोडक्यात: मी 'निखाऱ्यावर भाजलेली चेस्टनट' समजले होते. ती भाजलेली नाहीत. झाडावरून पडून टरफल फुटतं आणि आतलं फळ पेटल्या कोळशासारखं तांबूस चमकतं. १८६८ च्या रोजनिशीतही त्यानं चेस्टनटना निखाऱ्यांची उपमा दिली आहे, म्हणजे नऊ वर्षं ते चित्र त्याच्याकडे पडून होतं. 'निखारा'पेक्षा 'इंगळ' बरा.

'फोल्ड, फॅलो अँड प्लाऊ' मात्र दहा मिनिटांत झालं: वाडा, पड, नांगर. मेंढ्यांचा वाडा, पड टाकलेली जमीन, नांगरलेली जमीन. आमच्याकडे सुगीनंतर डोंगरावरून खाली बघितलं की असंच दिसतं. सेंट बायनोजवरून त्याला क्लूइडचं खोरं दिसत असणार. ही एक ओळ मराठीत जणू आधीपासूनच होती.

१३ जुलै

पुन्हा आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. जातं अजून घरात आहे, वापरत नाहीत. तिला म्हटलं, 'आत्या, नुसतं फिरव आणि म्हण.' ती म्हणाली, 'दाण्याबिगर जातं फिरवू नये गं.' मग वाटीभर ज्वारी आणली. तिनं 'पहिली माझी ओवी' म्हणत सुरुवात केली. फोनवर बावीस मिनिटं ध्वनिमुद्रण केलं.

घरी येऊन ऐकलं. खुंटा तिच्या अंगाकडे आला की ठोका. मधल्या अक्षरांची संख्या दर खेपेला वेगळी, कुठे आठ, कुठे अकरा. फेऱ्याचा वेळ तोच. अक्षरं जास्त झाली की ती पटपट उरकते, कमी पडली की 'गं' घालते किंवा स्वर लांबवते. आणि शेवटचा चरण आखूड सोडते, तिथे हात दाणे घालायला जातो. साडेतीन चरणांची ओवी आम्ही व्याख्येत पाठ केली होती. तो अर्धा चरण कशासाठी असतो ते वाटीभर ज्वारीनं दाखवलं.

हॉपकिन्सची शेवटची अर्धी ओळ, 'प्रेज हिम', मी आजवर 'कविता संपली' म्हणून वाचत होते. आज ती हात मोकळा होण्याची जागा म्हणून वाचली. दहा ओळी भराभर वस्तू येत राहतात, धाप लागते, आणि मग दोन शब्द. त्या दोन शब्दांनंतरची शांतताही ओळीचाच भाग आहे.

२१ जुलै

आठवडाभर अडले ते 'फादर्स-फोर्थ'वर. बाप या नामाचं त्यानं क्रियापद केलंय: देव हे सगळं बाप होऊन जन्माला घालतो. मराठीत जन्म देणं आईकडे. 'प्रसवणे' म्हटलं की आई. 'माउली' लिहायचा मोह फार झाला, आपल्याकडे विठ्ठलालाही माउली म्हणतातच. पण मग हॉपकिन्सचा देव पंढरपूरचा होतो. तो त्याचा राहायला हवा. 'निर्मितो' लिहून बघितलं, त्यात नातंच नाही.

सुटका गोव्याकडून झाली. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज आणि जेझुइटच, १५७९ मध्ये गोव्यात आला. त्यानं मराठीत, तेही ओवीत, 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीच्याच ओवीत 'देवा बापा सर्वसमर्था' अशी हाक आहे. हॉपकिन्सच्या अडीचशे वर्षं आधी त्याच्याच संघातल्या एका इंग्रजानं त्याच देवाला मराठीत 'बाप' म्हणून ठेवलं होतं, आणि तेही ओवीत. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. सांगायला कुणी जागं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

ओळ झाली: 'बापपणे प्रसवे तो'. बाप आणि प्रसवणं शेजारी-शेजारी. थोडं खटकतं. मूळही खटकतं.

२८ जुलै

यमक सोडलं. मूळ कवितेत यमकं पक्की आहेत: पहिल्या सहा ओळींत अबक अबक, पुढच्या ओळींत डबकडक. मी सात दिवस प्रयत्न केला. यमकासाठी 'आभाळ'ला 'भाळ' आणि 'फाळ' आणले आणि कविता दिनदर्शिकेच्या मागच्या पानासारखी झाली. काय राखायचं आणि काय सोडायचं हे आधी कागदावर लिहून घ्यायला हवं होतं. आता लिहिलं: ठोके राखायचे, व्यंजनांची पुनरावृत्ती राखायची, यमक नाही. हॉपकिन्सनं वेल्श भाषा शिकून तिच्या कवितेतली व्यंजनं किणकिणवण्याची रीत उचलली होती. अनुप्रास मराठीला जवळचा आहे, तिथे जोर लावला.

ठोक्यांबद्दल: माझ्या कानाला मूळ पहिल्या ओळीत चार, बहुतेक ओळींत पाच आणि 'स्विफ्ट, स्लो'च्या ओळीत सहा लागतात. मराठीत मी सगळीकडे पाच धरले, तेवढी एक ओळ सहाचीच ठेवली.

४ ऑगस्ट

मुलींसमोर वाचली आणि पडली. मी डोळ्यांनी वाचत होते, प्रत्येक शब्दावर सारखा जोर. घरी मुद्रण ऐकलं तर किराणा मालाची यादी वाचल्यासारखं वाटलं. ब्रिजेसला हॉपकिन्सनं कळवलं होतं की दम घेऊन कानांनी वाच, म्हणजे माझी कविता ठीक होते. हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. दोन आठवडे फक्त तोंडी सराव करायचा, कागद बंद. पोळ्या लाटताना बरं जमतं, लाटण्याला स्वतःचा ठोका असतो.

'स्पेअर'चं भाषांतर मी 'सुटं' केलं होतं, मोटारीच्या सुट्या भागांसारखं. एका मुलीनं शब्दकोशातून 'कृश, विरळ' काढून दाखवलं. ती बरोबर होती. 'एकटं' केलं.

१८ ऑगस्ट

आजचा मसुदा. याच्यापुढे सध्या हात लावणार नाही.

धन्य देव — डागांचं, ठिपक्यांचं सारं ज्याचं;
वर दुरंगी आभाळ, जशी बांडी गाय;
पोहत्या ट्राउटच्या पाठीवर गुलाबी गोंदण;
इंगळ-ताजे चेस्टनट टपटप; फिंचांचे पंख;
ठिगळांची शिवारं — वाडा, पड, नांगर;
साऱ्या कसबांची हत्यारं, साज, सरंजाम.

जे जे उलटं, आगळं, एकटं, अनोखं;
चंचल, चट्ट्यापट्ट्यांचं (कसं, कोण जाणे?);
झपझप, संथ, गोड, आंबट, लखलख, मंद —
बापपणे प्रसवे तो, ज्याचं रूप न पालटे;
वाना त्यास.

फिंच म्हणजे छोटे पक्षी. 'वाना'बद्दल: 'स्तुती करा' भाषणासारखं वाटलं, 'गा' फार हलकं. वानणे संतांच्या वाणीतलं आहे, 'किती वानू' म्हणतात तेव्हाचं. दोन ठोके, मग हात मोकळा.

अजून न पटलेलं: चौथ्या ओळीत 'टपटप'नं पावसाचा भास होतो. सातवीत 'उलटं' पुरेसं नाही. मूळ 'काउंटर'मध्ये समोरासमोर उभं ठाकणं आहे.

१९ ऑगस्ट

मुलींनी कागद न बघता म्हटली. एकीनं टाळी धरली, दोघींनी ओळी. 'वाना त्यास'नंतर तिघीही थांबल्या, मी सांगितलं नव्हतं. आत्यालाही फोनवर ऐकवली. ती म्हणाली, 'गाय आमच्या धुरपीसारखी दिसतीय.' धुरपी त्यांची जुनी गाय, बांडी.

खर्च: छपाई १२, पुस्तक ३२०, आत्याकडे दोन फेऱ्यांचं एसटी भाडं १८०, वही ४०. एकूण ५५२ रुपये. पहाटा अंदाजे साठ. त्यातल्या वीसेक अजगर, तक्ते, डागलेली गाय आणि यमक यांच्यात गेल्या.

२४ ऑगस्ट

'इन्व्हर्सनेड' उघडली. १८८१ ची, स्कॉटलंडमधला ओढा. फेसाची टोपी काळ्या डोहावर 'टर्न्स अँड ट्विंडल्स'. दुसरा शब्द जवळपास त्याच्याच घरचा. आधी छापील प्रतीत खुणा तपासल्या, मग मोठ्यानं वीस वेळा म्हटलं, शब्दकोश अजून उघडलेला नाही. तोंडात आलं ते 'घुमतो, घुटमळतो'. 'घुटमळतो'वर एकच ठोका बसतो, 'घु'वर. बाकीची अक्षरं डोहातल्या फेसासारखी मागून येतात. पावसाचं पाणी आहे तोवर उद्या ओढ्यावर जाऊन फेस खरंच तसा फिरतो का ते बघून येते.